गाईडच्या पलीकडे: नववी ते बारावीच्या मराठीच्या तासासाठी कस लावणारं साहित्य इंटरनेटवर कसं शोधावं

कुमारभारती (नववी-दहावी) किंवा युवकभारती (अकरावी-बारावी) या मराठीच्या पाठ्यपुस्तकांतल्या कुठल्याही कवितेचं नाव शोधयंत्रात टाकून बघा. समोर येतात ती स्वाध्यायाची उत्तरं. आकृतिबंध भरलेले, रसग्रहण ठरलेल्या मुद्द्यांत लिहून दिलेलं, स्वमताचं उत्तरही दुसऱ्याच कुणी लिहून ठेवलेलं. मुलांना हे आपल्याआधी सापडतं, त्यामुळे शिक्षकाने तेच वर्गात आणून उपयोग नाही. मुलांना खरोखर विचार करायला लावणारं साहित्यही इंटरनेटवर आहे आणि बहुतेक फुकट आहे. पण ते मूळ ग्रंथांच्या स्कॅन प्रतींत, जुन्या शब्दकोशांत आणि नियतकालिकांच्या अंकांत आहे, आणि तिथपर्यंत जायची वाट ठाऊक असावी लागते. हा लेख त्या वाटेबद्दल आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. अवघड शब्द असले की साहित्य आव्हानात्मक होतं, असं नाही. बालकवींची 'औदुंबर' ही कविता आठ ओळींची आहे आणि तिच्यातले शब्द प्राथमिक शाळेतल्या मुलालाही कळतील. तरी पाण्यात पाय टाकून बसलेला तो औदुंबर शांत आहे की खिन्न, यावर मराठी समीक्षक वेगवेगळं बोलत आले आहेत. वर्गात आव्हान उभं राहतं ते अशा प्रश्नामुळे, ज्याचं उत्तर ओळीकडे बोट ठेवून द्यावं लागतं आणि जे शेजारच्या बाकावरून उतरवता येत नाही.

पहिली पायरी: शोधायच्या आधी प्रश्न ठरवा

'दहावी मराठी शैक्षणिक साहित्य' असा शोध घेतला की हाती काहीच लागत नाही. शोध नेमका हवा, आणि तो नेमका होण्यासाठी आपल्याला काय विचारायचं आहे ते आधी ठरायला हवं.

उदाहरण म्हणून २०१८पासूनच्या दहावीच्या कुमारभारतीतलं 'उत्तमलक्षण' घेऊ. हा उतारा समर्थ रामदासांच्या दासबोधातला, दुसऱ्या दशकाचा (दहा समासांच्या भागाचा) दुसरा समास, म्हणजे प्रकरण. पुस्तकात त्यातल्या निवडक ओव्याच आहेत. 'वाट पुसल्याविण जाऊं नये, फळ वोळखल्याविण खाऊं नये' हे शिकवून झालं की मुलं म्हणतात, हे तर आई रोज सांगते. इथेच प्रश्न सुचायला हवेत. समर्थांनी एवढंच सांगितलं होतं का? पुस्तकात कोणत्या ओव्या घेतल्या आणि कोणत्या सोडल्या? सोडण्यामागे काय विचार असेल? या समासाच्या आधीचा समास मूर्खलक्षणांचा आहे, मग आधी मूर्ख आणि नंतर उत्तम असा क्रम का? प्रश्न असे ठरले की शोधायचं काय तेही ठरतं. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातले पहिले दोन समास, पूर्ण.

दुसरी पायरी: पाठ कुठून आला ते बघा

बालभारतीची सगळी पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये मोफत मिळतात. छापील पुस्तक हातात असलं तरी पीडीएफ उतरवून घ्यावी, कारण तिच्यातून पान कापून पडद्यावर दाखवता येतं. पाठाच्या सुरुवातीचा लेखकपरिचय आणि शेवटी दिलेला मूळ पुस्तकाचा उल्लेख, या दोन जागा नीट वाचा. आपण घाईत असलो की नेमकं तेच सुटतं. मूळ संग्रहाचं नाव हाती आलं की निम्मा शोध संपला.

ई-बालभारतीवरच 'किशोर' मासिकाचे जुने अंकही वाचता येतात. हे मासिक १९७१पासून निघतं. मुलांसाठीचं मासिक म्हणून नववी-दहावीचे शिक्षक त्याकडे वळत नाहीत, पण मोठ्या लेखकांनी लहानांसाठी लिहिलेलं आणि त्यांचं पाठ्यपुस्तकातलं लेखन शेजारी ठेवून 'वाचक बदलला की लेखक काय बदलतो' हा प्रश्न फार चांगला विचारता येतो.

तिसरी पायरी: मूळ संहिता गाठा

इथे वेळ द्या. मला सर्वांत जास्त याच पायरीतून मिळालं आहे.

सुरुवात मराठी विकिस्रोतापासून करावी. तिथे संतसाहित्य, केशवसुत, बालकवी, महात्मा फुले असं स्वामित्वहक्क संपलेलं बरंच साहित्य युनिकोडमध्ये आहे. म्हणजे मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो, टाइप मोठा करून छापता येतो. दासबोध आणि तुकारामांची गाथा स्वतंत्र संकेतस्थळांवरही आहेत. गाथेत साडेचार हजारांवर अभंग आहेत आणि वेगवेगळ्या आवृत्त्यांत त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. म्हणून अभंग क्रमांक लिहून घेताना आवृत्तीही लिहा, नाहीतर तो क्रमांक पुढच्या वर्षी कामाला येणार नाही.

विकिस्रोतावर नसेल तर इंटरनेट आर्काइव्ह. भारतातल्या ग्रंथालयांतली जुनी पुस्तकं स्कॅन करण्याचा डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया हा प्रकल्प होता. त्यातली असंख्य पुस्तकं आता इथे आहेत आणि मराठी पुस्तकंही पुष्कळ आहेत. अडचण शोधण्याची आहे. पुस्तकांची नावं बहुतेक वेळा रोमन लिपीत आणि हवी तशी लिहिली गेली आहेत. त्यामुळे शोध देवनागरीत एकदा आणि रोमनमध्ये तीन-चार स्पेलिंगांनी घ्या. लेखकाचं आडनाव, नाव, पुस्तकाचा एखादाच ठळक शब्द असं उलटसुलट करून बघा. आणि मुखपृष्ठ उघडून खात्री करा, कारण नावाखाली भलतंच पुस्तक निघण्याचे प्रकार तिथे होतात.

जुन्या मराठीत शोधताना जुनं लेखनही लक्षात ठेवायला हवं. १९६२च्या लेखननियमांच्या आधी 'नांव', 'कांहीं', 'जेणें', 'करितां' असे अनुस्वार सर्रास लिहिले जात. आजच्या लेखनात टाकलेली ओळ सापडली नाही की अनुस्वार देऊन पुन्हा शोधा. मुलांना हे जुनं लेखन जसंच्या तसं दाखवावं, असं माझं ठाम मत आहे. सुधारून दिलं तर भाषा बदलत आली आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसण्याची संधी जाते.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं संकेतस्थळ ही शिक्षकांकडून दुर्लक्षित राहिलेली जागा. मंडळाने प्रकाशित केलेले अनेक ग्रंथ तिथे ई-पुस्तक म्हणून मोफत उतरवता येतात: चरित्रं, संपादित वाङ्मय, लोकसाहित्याचे संग्रह. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय १९६९मध्ये याच मंडळाने प्रथम प्रसिद्ध केलं.

फुल्यांचं नाव आलं म्हणून थांबते. 'विद्येविना मति गेली' या ओळी महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत. मुलांना त्या पाठ असतात. त्या 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३च्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या आहेत, हे फार थोड्यांना माहीत असतं, आणि त्यांच्या पुढे काय येतं ते तर कुणीच वाचलेलं नसतं. त्याच पुस्तकात पुढे कर्जात बुडालेला शेतकरी स्वतःशी बोलतो. त्याच्या घराचं वर्णन इतकं बारीक येतं की एकेक वस्तू दिसते. तो उतारा दहावीच्या वर्गात दिला आणि 'हे वर्णन आहे की युक्तिवाद?' एवढंच विचारलं तर तास पुरत नाही. मात्र शिक्षकाने पूर्ण प्रकरण आधी वाचलेलं असलं पाहिजे. भाषा धारदार आहे, जातीवरचे प्रहार थेट आहेत. वर्गात प्रश्न आले की ते टाळता येणार नाहीत, टाळूही नयेत.

असाच दुसरा मजकूर मुक्ता साळवेचा. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. लिहिणारी शाळकरी मुलगी आहे, हे सांगून तो वाचायला दिला की वर्गातल्या मुली सरसावून बसतात. वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असं ती विचारते. ती हे कुणाला उद्देशून विचारते आहे, आपल्या लोकांना, वाचकांना की देवाला, हे प्रत्येक परिच्छेदात तपासायला लावा. संबोधन बदललं की वाक्याचा सूर कसा बदलतो, हे व्याकरणाच्या तासाला जमत नाही ते इथे जमतं.

चौथी पायरी: शब्दकोश उघडा, शब्दार्थ देऊ नका

पाठाखाली शब्दार्थ छापलेले असतात आणि मुलं तिथेच थांबतात. शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश ऑनलाइन खुले केले आहेत. त्यात मोल्सवर्थचा १८५७च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आहे, दाते-कर्वे यांचा १९३२पासून निघालेला महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि जुन्या मराठीसाठी तुळपुळे व फेल्डहाउस यांचा १९९९चा कोशही आहे. देवनागरीत शब्द टाकला तरी चालतो.

मोल्सवर्थ इंग्रजीत अर्थ देतो, त्यामुळे सेमी-इंग्रजीच्या मुलांना तो जवळचा वाटतो. महाराष्ट्र शब्दकोश मराठीतच अर्थ देतो आणि शिवाय शब्द कुठे वापरला आहे त्याचे दाखले देतो: ज्ञानेश्वरी, दासबोध, तुकारामांची गाथा, पोवाडे, बखरी. संक्षेप आधी समजून घ्यावे लागतात, 'ज्ञा' म्हणजे ज्ञानेश्वरी, 'दा' म्हणजे दासबोध. एकदा मुलांना ते कळले की ती स्वतःहून दाखल्याचा माग काढू लागतात.

कृती अगदी साधी ठेवा. 'पडिली वस्तु घेऊं नये येकायेकीं' या ओळीतला शेवटचा शब्द मुलांना कोशात शोधायला सांगा. आज आपण 'एकाएकी' म्हणतो तेव्हा 'अचानक' असा अर्थ घेतो. मग 'अचानक घेऊ नये' म्हणजे काय? विचार करून, विचारपूस करून घेतली तर चालेल का? ओवीचा अर्थ या एका शब्दावर तोलला आहे आणि त्यावर वर्गाचे सहज दोन तट पडतात. शब्दार्थाच्या यादीत हा वाद होऊच शकत नाही.

पाचवी पायरी: संदर्भ, पण मोजका

लेखकाचा काळ, चळवळ, वाङ्मयप्रकार यांसाठी मराठी विश्वकोश पुरेसा आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली वाईहून सुरू झालेल्या या कोशाच्या नोंदी ऑनलाइन आहेत, त्या तज्ज्ञांनी लिहिलेल्या आहेत आणि नोंदीखाली लेखकाचं नाव असतं. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोशही ऑनलाइन आहे. तो शंभर वर्षांपूर्वीचा आहे हे लक्षात ठेवून वापरावा. एकाच विषयावरची केतकरांची नोंद आणि विश्वकोशातली नोंद बारावीच्या मुलांना शेजारी देऊन बघा. माहिती देणाऱ्या गद्यालाही दृष्टिकोन असतो, हे त्यांना आपोआप दिसतं.

मराठी विकिपीडिया नावं आणि सनावळ्यांची दिशा दाखवायला ठीक आहे, पण वर्गात सांगायची तारीख दुसरीकडे ताडून घ्या. दीक्षा या सरकारी शैक्षणिक संकेतस्थळावर पाठनिहाय साहित्य आहे. उजळणीला आणि मागे पडलेल्या मुलांना ते कामाचं आहे, या लेखातल्या कामासाठी ते अपुरं पडतं. आयआयटी खरगपूरने उभारलेली राष्ट्रीय डिजिटल लायब्ररी चांगली आहे, फक्त शोधताना भाषेची चाळणी लावायला विसरू नका.

सहावी पायरी: कान

कविता आधी ऐकवा. साहित्य अकादमी आणि प्रसार भारतीच्या यूट्यूब वाहिन्यांवर लेखकांवरचे माहितीपट आणि जुनी ध्वनिमुद्रणं आहेत. गायल्या गेलेल्या कवितांसाठी 'आठवणीतली गाणी' हे संकेतस्थळ आहे. कवी, संगीतकार, गायक अशा नोंदींसह शब्द तिथे मिळतात. गाण्यात बऱ्याचदा कवितेची काही कडवी गाळलेली असतात. कोणती गाळली आणि त्याने कवितेचं काय झालं, ही कृती मी दरवर्षी देते. आवाजाच्या जोरावर गाणारी मुलंसुद्धा त्या दिवशी शब्दांकडे बघतात.

सातवी पायरी: खरं कुणाचं, ते तपासा

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या कविता हा आपल्या विषयापुढचा मोठा प्रश्न झाला आहे. कुसुमाग्रज, पु. ल., व. पु., तुकाराम यांच्या नावाने त्यांनी न लिहिलेला मजकूर फिरतो, आणि तो सुविचाराच्या फळ्यावर जातो, भाषणात जातो, कधी उत्तरपत्रिकेतही येतो. पडताळ्याची रीत ठरवून घ्या. पहिली ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधा. संग्रहाचं नाव आणि वर्ष मिळतं का बघा. मिळालं तर तो संग्रह किंवा त्याची अनुक्रमणिका डोळ्यांनी पाहा. फक्त चित्रांवर आणि फॉरवर्डमध्ये सापडत असेल, संग्रह कुठेच सांगितलेला नसेल, तर लेखकाच्या नावासह वर्गात वापरू नका. एआय चॅटबॉटला अभंग किंवा ओवी मागितली तर तो कधी कधी नवीच रचून मोठ्या विश्वासाने संताच्या नावावर देतो. त्याच्याकडून प्रश्नांच्या कल्पना घ्याव्यात. मूळ ओळी कधीही घेऊ नयेत.

हे काम मुलांनाच देता येतं. घरच्या गटावर आलेली एक कविता आणायची आणि ती खरंच त्या कवीची आहे का ते शोधून पुराव्यासह लिहायचं. माझ्या मते अकरावीसाठी याहून चांगला प्रकल्प नाही.

स्वामित्वहक्काचं थोडक्यात

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. केशवसुत १९०५मध्ये गेले, बालकवी १९१८मध्ये, साने गुरुजी १९५०मध्ये, मर्ढेकर १९५६मध्ये. यांचं हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन आज खुलं आहे. मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालेल्या लेखनाची ६० वर्षं प्रकाशनापासून मोजली जातात. बहिणाबाई १९५१मध्ये गेल्या आणि त्यांचा संग्रह त्यानंतर आला. तीही मुदत उलटून गेली आहे. बा. भ. बोरकर १९८४मध्ये गेले, म्हणजे युवकभारतीत भेटणाऱ्या या गोव्याच्या कवीचे हक्क २०४४ अखेरपर्यंत राहतील. हक्क असलेलं लेखन वर्गात वापरताच येत नाही, असं मात्र नाही. १९५७च्या कायद्यातलं कलम ५२ अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतीला मुभा देतं. वर्गापुरती कविता छापून वाटणं वेगळं आणि पूर्ण कादंबरीची पीडीएफ गटावर टाकणं वेगळं. दुसरी गोष्ट करू नका, हयात लेखकांची पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयात विकत घ्या.

आठवी पायरी: वर्गात नेण्यासाठी तयार करा

सापडलेला मजकूर तसाच वर्गात टाकला तर निम्मी मुलं पहिल्या परिच्छेदातच गळतात. उतारा एका पानात बसवा. स्कॅन प्रत असेल तर ती गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडा, देवनागरीचा मजकूर बऱ्यापैकी हाती येतो. जोडाक्षरं आणि अनुस्वार मात्र मूळ पानाशी ताडून दुरुस्त करायलाच हवेत. जुन्या सरकारी पीडीएफमधून कॉपी केल्यावर अगम्य अक्षरं उमटली तर तो मजकूर युनिकोडपूर्व फाँटमधला आहे. त्या पानाचं चित्र काढून हीच रीत वापरा.

वर्गात नेट नसेल, आणि बहुतेक वर्गांत नसतंच, तर सगळं आदल्या दिवशी उतरवून ठेवा. पाच जणांच्या गटाला एक छापील पान पुरतं. कोशातली नोंदही पडद्यावरून टिपून छापता येते.

प्रश्न तीनच द्या. पहिल्याचं उत्तर मजकुरात सापडावं, म्हणजे कुणी बाहेर राहत नाही. दुसऱ्यासाठी दोन मजकूर शेजारी ठेवावे लागावेत, जसं पाठ्यपुस्तकातल्या ओव्या आणि पूर्ण समास. तिसऱ्यात भूमिका घ्यावी लागावी आणि ओळीचा आधार देणं सक्तीचं असावं. 'उत्तमलक्षणा'साठी माझा तिसरा प्रश्न असा असतो: पाठ्यपुस्तकाच्या संपादक मंडळात तुम्ही असता तर गाळलेल्यांपैकी कोणती ओवी घेतली असती, आणि जागा करण्यासाठी आहे त्यातली कोणती काढली असती?

पालक आणि मुख्याध्यापक विचारतात की याचा बोर्डाला उपयोग काय. बोर्डाच्या कृतिपत्रिकेत, म्हणजे प्रश्नपत्रिकेत, रसग्रहण, स्वमत आणि अभिव्यक्ती यांना गुण आहेत. तिथे पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच ओळखू येतं, आणि ओळीवर बोट ठेवून लिहायची सवय लागलेलं मूल स्वतःचं वाक्य लिहितं. अभ्यासक्रम संपवायची घाई सगळ्यांनाच असते, म्हणून प्रत्येक पाठाला हे करू नका. सत्रात दोन-तीन पाठ निवडा आणि त्यांना पुरेसा वेळ द्या.

एक नोंदवही, आणि मुलांचा वाटा

सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद एका तक्त्यात ठेवा: पाठाचं नाव, मूळ ग्रंथ, आवृत्ती, पान किंवा समास, दुवा, विचारलेला प्रश्न, आणि वर्गात काय घडलं. दुवे मरतात, म्हणून फाइल उतरवून ठेवा आणि तिला 'पाठ-लेखक-वर्ष' असं नाव द्या. तालुक्यातल्या मराठीच्या शिक्षकांनी हा तक्ता एकत्र ठेवला तर दोन वर्षांत चांगला साठा होतो. परदेशातल्या मराठी शाळांमधून शिकवणाऱ्यांनाही तो तसाच पाठवता येईल.

आणि अकरावी-बारावीच्या मुलांना विकिस्रोतावर काम करू द्या. तिथे स्कॅन केलेल्या पुस्तकाचं पान एका बाजूला आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. चुका दुरुस्त करत वाचायचं. न तपासलेलं पान लाल, एकाने तपासलेलं पिवळं, आणि दुसऱ्या सदस्याने पुन्हा तपासल्यावर हिरवं. अक्षर न् अक्षर वाचायला लावणारं यासारखं दुसरं साधन माझ्या पाहण्यात नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी प्रत्येकाचं खातं काढून घ्या, चार-चार पानं वाटा, जोड्या लावा म्हणजे एकाचं पिवळं पान दुसरा तपासेल. पहिल्या खेपेला मोठ्या टाइपातलं, स्वच्छ स्कॅन झालेलं गद्य पुस्तक निवडा. पोथी किंवा पद्य दुसऱ्या सत्रासाठी ठेवा.